वाळवंटाच्या वेशीवरचा ओक

मराठी माणसाला 'ओक' म्हटले की आधी आडनाव आठवते, मग झाड. यात त्याचा काही दोष नाही. आपल्या सह्याद्रीत ओक आपणहून उगवत नाही. हिमालयात जाऊन आलेल्यांना बांज ठाऊक असतो, तो ओकच. एरवी आपल्याला ओक भेटला तो इंग्रजी कवितांत, आणि तोही भलताच भारदस्त. त्यामुळे ॲरिझोनात दादाने मोटार थांबवून पुरुषभर उंचीच्या एका राखी, काटेरी झुडपाकडे बोट दाखवले आणि "हा ओक" म्हणून सांगितले, तेव्हा मला वाटले की तो थट्टाच करतो आहे. ती त्याची लहानपणापासूनची सवय आहे.

ही 2023 सालच्या दिवाळीच्या सुटीतली गोष्ट. दादा-वहिनी फिनिक्सला राहतात. तिथून पेसन गावाकडे जाणारा रस्ता सारखा चढत जातो. सुरुवातीला दोन्ही बाजूंना हात वर करून उभे असलेले सग्वारो निवडुंग. थोडे चढून गेले की ते विरळ होतात, आणि पेसनला पोचावे तो उंच पाइनची झाडे सुरू होतात. खालचे वाळवंट आणि वरचे अरण्य यांच्यामधला, साधारण तीन ते सहा हजार फुटांचा पट्टा हे या झुडपाचे राज्य. शेजारच्या न्यू मेक्सिको, युटा, नेवाडा या राज्यांतही ते आहे, पण त्याचे खरे घर मध्य ॲरिझोना.

पान जेमतेम इंचभर, कडेला काटे, हाताला चामड्यासारखे. बारा महिने अंगावर पाने असतात, पण हिरवेगार म्हणावे असे ते कधीच दिसत नाही. 1889 साली ग्रीन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे नाव 'टर्बिनेला' ठेवले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ इवलासा भोवरा. टोपी घातलेले त्याचे फळ तळहातावर घेतले तर नाव आवडते.

ते एकटे कधीच नसते. तांबड्या, गुळगुळीत सालीची मँझनिटा त्याच्या शेजारी हटकून असते. तिच्या नावाचा अर्थ स्पॅनिशमध्ये 'छोटे सफरचंद'. शिवाय माउंटन महॉगनी, आणि वरच्या अंगाला ज्युनिपर व पिन्यन पाइन. या साऱ्या दाट, अंगावर येणाऱ्या झाडीला 'चॅपरल' म्हणतात. तो शब्दसुद्धा मूळचा खुरट्या ओकाच्या स्पॅनिश नावावरूनच आलेला. आणि गुराखी काट्यांपासून बचाव म्हणून पायांवर कातडे चढवतात, त्यालाही याच नावावरून 'चॅप्स' म्हणतात. (भाषा शिकवणाऱ्या बाईला झाडापेक्षा शब्दच आधी दिसायचे!)

इथे पाऊस वर्षाकाठी पंधरा ते पंचवीस इंच, आणि तोही दोन हप्त्यांत: थोडा हिवाळ्यात, थोडा जुलै-ऑगस्टात. या दुसऱ्या पावसाला तिथेही मान्सूनच म्हणतात. मधले मे-जून मात्र कोरडे ठणठणीत. ते महिने काढायचे तर पाणी खालूनच आणायला हवे. या झुडपाची मुळे खडकांच्या फटींतून वीस फूट खोल गेलेली आढळली आहेत. पुरुषभर झाड, आणि त्याच्या तिप्पट-चौपट त्याचे मूळ!

याच मुळांनी त्याला शत्रू मिळवून दिले. फिनिक्सला बरेचसे पाणी येते ते सॉल्ट आणि व्हर्डी या नद्यांचे, म्हणजे याच डोंगरांतले. 1911 साली पुरे झालेले रूझवेल्ट धरणही याच भागात. तेव्हा हिशेबी माणसांच्या मनात आले की हे निरुपयोगी झुडूप पाणी पिते. ते काढून गवत लावले तर धरणात जास्त पाणी येईल. धरणाजवळच्या थ्री बार नावाच्या भागात तसे प्रयोग झाले. 1959 मध्ये तिथे वणवा लागून गेला होता. पुन्हा फुटणाऱ्या झुडपांवर तणनाशके टाकली. प्रयोग फसला असे नाही. कोरडा पडणारा ओढा बारमाही वाहू लागला! पण त्या पाण्यात नायट्रेटही वाढले. पुढे 1969 साली ग्लोब गावाजवळच्या डोंगरांवर हेलिकॉप्टरने विषारी औषध फवारले, तेव्हा लोकांनी आजारांच्या तक्रारी केल्या आणि मोठा गवगवा झाला. 1979 मध्ये अमेरिकन सरकारने जंगलांतला त्या औषधांचा वापर थांबवला.

दादाची सारी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. त्याला हे पुरते पटत नाही.

"औषध वाईट होतं, कबूल," तो म्हणाला. "पण ओढा वाहत होता ना? उन्हाळ्यात नळाला पाणी नसलं तर तू काय झुडपाला ओवाळणार आहेस?"

"आणि झाडी गेल्यावर डोंगर धुपून धरणातच आला तर?"

"म्हणून तर गवत लावायचं."

वाद मिटला नाही. मला त्याचे म्हणणे टाकाऊ वाटत नाही. वाळवंटातल्या शहराला पाणी हवे, हे खोटे कसे म्हणावे? मात्र ज्या झाडाला लोक नुसते मधे आलेले समजतात, ते तिथे किती जुने आहे हेही कोणी सांगायला हवे. पॅकरॅट नावाचे उंदीर आपल्या बिळांत पाने-काटक्या साठवतात, आणि त्यांच्या मूत्राने तो साठा दगडासारखा होऊन हजारो वर्षे टिकतो. आज जिथे सग्वारो आहेत, तिथल्या हिमयुगातल्या साठ्यांत या ओकाची पाने निघाली आहेत. युटात तर आणखी नवल. सॉल्ट लेक सिटीच्या परिसरात या ओकाचा आणि पानगळीच्या गँबेल ओकाचा संकर आढळतो. हे झुडूप स्वतः मात्र तिथून शेकडो मैल दक्षिणेला राहिले आहे. 1959 साली शास्त्रज्ञांनी त्याचा अर्थ लावला: कधीकाळी हवा अधिक उबदार असताना ते तिथवर पोचले होते, मग थंडीने मागे हटले. संतती तेवढी मुळांतून फुटत फुटत तगून राहिली.

दादाने मोटार थांबवली होती ती जागा 2020 च्या जूनमधल्या वणव्याची. एका मोटारीला आग लागल्याचे निमित्त झाले आणि एक लाख नव्वद हजार एकरांवर रान जळाले. काळ्या, वाळलेल्या फांद्या अजून उभ्या होत्या, आणि प्रत्येकीच्या बुंध्याशी कमरेइतके दाट, काटेरी फुटवे. मी वाकून मोजू लागले. एकवीसपर्यंत आले असेन, तोच मोटारीतून वहिनी म्हणाल्या, "अगं, हात सांभाळ, काटे फार बारीक असतात. आणि दादाला म्हणावं, पेसनला जेवायला उशीर होतोय."