उमेदवाराचा देव

उमेदवाराच्या धर्मश्रद्धेवरून मतदाराने मत ठरवावे काय, हा प्रश्न भारतात तत्त्वचिंतकांपेक्षा न्यायालयांनाच अधिक छळत आला आहे. आणि त्यातील दोन महत्त्वाचे खटले मालाडहून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलच्या वाटेवर, विलेपार्ले आणि सांताक्रूझ या मतदारसंघांत, उभे राहिले.

डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ल्याच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू निवडून आले. त्यांच्या प्रचारसभांत बाळासाहेब ठाकरे यांनी हिंदुत्वाच्या नावाने मते मागितली, असा आक्षेप घेऊन प्रतिस्पर्धी प्रभाकर कुंटे न्यायालयात गेले. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार धर्म, वंश, जात, समाज वा भाषा यांच्या आधारे मत मागणे हे ‘भ्रष्ट आचरण’, म्हणजे निवड रद्द होण्यास पुरेसा असा निवडणुकीतील गैरप्रकार, ठरते. मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ही निवड रद्द केली, ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला आणि पुढे ठाकरे यांचा मताधिकारही सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला. गंमत अशी की त्याच दिवशी त्याच न्यायालयाने तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर जोशी यांची निवड मात्र वैध ठरवली, कारण महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल हे त्यांचे विधान धर्माच्या आधारे केलेली मतयाचना नसून केवळ एक आशा आहे, असे न्यायमूर्तींना वाटले. आशा आणि याचना यांतील ही सीमारेषा सभेतल्या श्रोत्याला कितपत दिसली असेल, याविषयी शंका घेण्यास भरपूर जागा आहे.

दुसरा खटला अभिराम सिंह यांचा. सांताक्रूझमधून १९९० मध्ये झालेल्या त्यांच्या निवडीवरून सुरू झालेला वाद सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठापर्यंत पोहोचला आणि २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल लागला. त्याच कलम १२३(३) मधील ‘त्याचा धर्म’ म्हणजे केवळ उमेदवाराचा धर्म, की मतदाराचाही, एवढाच मुद्दा होता. बहुमताने मतदाराचाही धर्म त्यात धरला. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या अल्पमताचे म्हणणे असे की धर्म आणि जात यांच्या नावाने ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांना त्या अन्यायाविषयी निवडणुकीत बोलण्यास मनाई करणे हे लोकशाहीला अमूर्त करून टाकणे होय. विलेपार्ल्याच्या व्यासपीठाचा धोका बहुमताने अचूक ओळखला होता. मतदाराची अडचण मात्र अल्पमताला अधिक कळली होती, असेच म्हणावे लागते.

ती अडचण अशी. ‘धर्म पाहू नका, काम पहा’ हा सल्ला ज्याला भाड्याने घर शोधताना स्वतःचे आडनाव आधी सांगावे लागत नाही, त्याला सहज पेलतो. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार याची चिंता ज्या वस्तीला करावी लागते, तिच्या दृष्टीने उमेदवाराची धर्माविषयीची भूमिका हाही कामाचाच भाग असतो. मात्र भूमिका आणि श्रद्धा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रद्धा म्हणजे माणसाचा त्याच्या देवाशी, किंवा देव नसण्याशी, असलेला आंतरिक संबंध. भूमिका म्हणजे सत्ता हाती आल्यावर इतरांच्या श्रद्धांशी तो कसा वागेल याचा अंदाज. मतदार बहुधा या दोहोंपैकी काहीच विचारत नाही. तो तिसरेच विचारतो, की हा माणूस ‘आपल्यातला’ आहे काय.

मालाड पश्चिमचेच उदाहरण घ्या. त्या मतदारसंघातून २००९ पासून काँग्रेसचे अस्लम शेख सलग निवडून आले आहेत. या मतदारसंघात मालवणीची दाट वस्ती आहे, तसेच ऑर्लेमचे ख्रिस्ती आणि मढचे कोळीवाडेही आहेत; त्यामुळे ‘आपल्यातला’ या कसोटीवरच सारे मतदान होते असे समजणाऱ्याला येथील निकालाचा अर्थ पुरता लागणार नाही. २०२२ मध्ये मालवणीतील मैदानाला टिपू सुलतानाचे नाव देण्यावरून निदर्शने झाली, तेव्हाही वाद एका ऐतिहासिक राजाच्या स्मृतीचा होता; त्या वेळी मंत्री असलेल्या शेख यांच्या श्रद्धेविषयी त्या गदारोळातून कोणाला काही नवे कळले नसावे.

प्रचारकाळात तर श्रद्धेचे प्रदर्शन इतके सार्वत्रिक होते की त्याचे मोलच उरत नाही. गणेशोत्सवातील आरतीला, रमजानमधील इफ्तारला आणि चर्चच्या फेस्टला तोच नेता त्याच हसतमुखाने हजर असेल, तर त्यातून त्याचा देव कोणता हे न कळता केवळ त्याचे वेळापत्रक कळते. याला दांभिकपणा म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या दारी जाऊन मान लववणे ही शहरी सहजीवनाची सवय आहे आणि ती न पाळणाऱ्या उमेदवाराकडे मतदाराने अधिक बारकाईने पाहिले तर ते योग्यच होईल.

खरी कसोटी कायदे होताना लागते. अंधश्रद्धाविरोधी चळवळीचे नेते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर जादूटोणाविरोधी कायद्याचा अध्यादेश निघाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने तो कायदा संमत केला. त्याआधी वर्षानुवर्षे विधेयक रखडले ते धार्मिक भावना दुखावतील या भयाने. अशा विधेयकावर हात वर करणारा आमदार पहाटे पूजा करतो की नाही हे विचारणे गैरलागू आहे, परंतु नरबळी आणि नवस यांतील भेद त्याला मान्य आहे काय, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे.

राज्यघटनेनेही उमेदवाराच्या देवाला एकच जागा ठेवली आहे. तिसऱ्या अनुसूचीतील नमुन्याप्रमाणे उमेदवार एक तर ईश्वराला साक्ष ठेवून शपथ घेतो किंवा ईश्वराचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो. दोन्हींचे कायदेशीर मोल सारखेच असते. मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हेगारी खटले यांची माहिती मतदाराला देणारे प्रतिज्ञापत्र वेगळे असते, आणि त्यात श्रद्धेसाठी रकानाच नसतो.