इवला समुद्रघोडा आणि 'ळ'

तुमची करंगळी समोर धरा. तिच्या वरच्या पेरावर एक अख्खा समुद्रघोडा मावू शकतो! खरंच. त्याची लांबी अडीच सेंटिमीटरसुद्धा भरत नाही.

मी वेस्ट विंडसरला राहते. इथून साधारण तासाभरावर बार्नेगॅटची खाडी आहे. तिथल्या पाणगवतातही समुद्रघोडे असतात, पण ते चांगले मोठे. आजची गोष्ट त्यांच्या चिमुकल्या भावंडाची आहे. ते राहतं फार लांब: इंडोनेशिया, फिलिपिन्स, ऑस्ट्रेलियाच्या उबदार समुद्रात, प्रवाळांमध्ये. तिथे हातपंख्यासारखं दिसणारं एक प्रवाळ असतं. त्याला आपण 'समुद्रपंखा' म्हणूया. त्याच्या फांदीला शेपटीने घट्ट धरून हा इवलासा मासा जगतो. हो, समुद्रघोडा हा मासाच आहे बरं का!

त्याच्या अंगावर फोडांसारखे बारीक उंचवटे असतात. समुद्रपंख्यावरही हुबेहूब तसेच. त्यामुळे तो डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. १९६९ साली न्यू कॅलेडोनिया बेटावर जॉर्ज बार्जिबाँ यांनी मत्स्यालयासाठी एक समुद्रपंखा आणला. तो निरखून पाहताना त्यांना त्यावर हा समुद्रघोडा दिसला. पुढच्या वर्षी त्याला त्यांचंच नाव मिळालं.

काही समुद्रपंखे जांभळट असतात, काही नारिंगी. त्यांच्यावरचे समुद्रघोडेही त्याच रंगाचे. मग हा रंग येतो कुठून? आईबाबांकडून, की घराकडून? सॅन फ्रान्सिस्कोच्या मत्स्यालयात २०१४ साली याचं उत्तर मिळालं. तिथे नारिंगी जोडीला पिल्लं झाली. (पिल्लं बाबांच्या पोटात वाढतात, ही आणखी एक गंमत!) जन्मताना ती मळकट तपकिरी होती. त्यांना जांभळा समुद्रपंखा दिला, आणि ती जांभळी झाली!

आता माझ्या लेकीबद्दल सांगते. मागच्या उन्हाळ्यात आम्ही रत्नागिरीला माझ्या आईकडे गेलो होतो. लेक 'केळं'ला 'केलं' म्हणाली. मामेभावंडं हसली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण ही गप्प झाली. परत आल्यावर महिनाभर आजीशी इंग्रजीतच बोलली. आजीला इंग्रजी जेमतेम कळतं. व्हिडिओ कॉलवर दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत बसायच्या. मला फार वाईट वाटायचं.

एकदा मी तिला ही समुद्रघोड्याची गोष्ट सांगितली. म्हटलं, "तू जिथे वाढलीस, तिथला रंग तुझ्या बोलण्याला लागणारच. त्यात लाजायचं काय?"

तिने वेगळंच विचारलं. "आई, मग ते जांभळं पिल्लू नारिंगी आईबाबांना कसं ओळखतं?"

ओळखत नाही. समुद्रघोडे पिल्लांना सांभाळत नाहीत. जन्मल्या जन्मल्या पिल्लू एकटंच पाण्यात वाहत जातं. एखादा समुद्रपंखा सापडला की त्यावर राहतं.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याला आजी नाही."

त्या रविवारी तिने स्वतःहून फोन लावला. "आजी, मी आज केलं खाल्लं." आजी म्हणाली, "गोड होतं का गं?" चूक दाखवली नाही की हसली नाही. दोघी वीस मिनिटं बोलल्या.

तुम्ही न्यू जर्सीत असा, लंडनमध्ये असा नाहीतर सिडनीत, तुमच्या मराठीलाही तिथला रंग असेल. असू दे. तो जाईपर्यंत गप्प बसू नका. तुमच्या आजीला, आजोबांना, मावशीला आज एक तरी वाक्य मराठीत सांगा. 'ळ' काय, हळूहळू येतो. आणि गंमत बघा, 'हळूहळू' या एका शब्दातच दोन 'ळ' आहेत. म्हणून बघा बरं!