वर्षायोग आणि मोटरसायकल

दशलक्षण पर्वातल्या पारण्याच्या पदार्थांबद्दल लिहीन असं मागच्या लेखात म्हटलं होतं. ते पुढच्या वेळी नक्की. आज जरा वेगळा विषय आहे, पण तोही आमच्या घरातलाच.

माझ्या मुलाने दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या पगारातून मोटरसायकल घेतली, हिरोची एक्सपल्स २००. २०१९ मध्ये ती बाजारात आली तेव्हापासून त्याच्या मनात भरली होती. ही गाडी डांबरी रस्त्यावर चालते आणि डोंगरातल्या कच्च्या वाटेवरही. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची, दोन्ही स्पोकची. गाडीचं पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर, म्हणजे चांगलं वीतभर. मधे दगड आला तरी खाली लागत नाही. सीट मात्र इतकी उंच की मागे बसायचं तर मला आधी पायरी शोधावी लागते.

सुरुवातीला मला तिचा रागच होता. रविवारी सकाळी हा डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाने पसरून बसायचा. माझ्या जुन्या साड्यांचे तुकडे, घरातले जुने टूथब्रश, सगळं खाली जायचं. एकदा नट ठेवायला स्वयंपाकघरातली ताटली नेली, तेव्हा मी खाली जाऊन चांगलंच सुनावलं. तो म्हणाला, "आई, रागावायला आलीच आहेस तर जरा हे चाक फिरव."

मी चाक फिरवलं. तो एकेका स्पोकवर पान्याने हळूच टिचकी मारत होता. घट्ट स्पोक टणटण वाजतो, सैल झालेला बद्द वाजतो. मडकं घेताना आपण वाजवून बघतो ना, तसंच. त्या दिवसापासून मी अधूनमधून खाली जाऊन बसायला लागले. चेन रॉकेलने घासायची, कोरडी पुसायची, मग तेल द्यायचं. इंजिन चालू ठेवून चेनला कधीही हात लावायचा नाही, बोट जातं. कच्च्या वाटेवर टायरमधली हवा थोडी कमी केली की पकड चांगली बसते, आणि डांबरावर परत येताना ती पुन्हा भरायची. काढलेलं काळं ऑइल गटारात ओतायचं नाही, ही माझी अट. ते कॅनमध्ये साठवून तो गॅरेजला देतो.

एका रविवारी एअर फिल्टर बदलायला त्याने डबा उघडला. तळाशी लाल धूळ होती, आणि धुळीत पंख. बारीक, पारदर्शक, कितीतरी पंख. तो काही बोलला नाही, मीही बोलले नाही. फडक्याने पुसून नवा फिल्टर बसवला. पण मी सूर्यास्तानंतर जेवत नाही ती दिव्यावर येणाऱ्या जिवांसाठीच, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. तेव्हापासून तो अंधार पडायच्या आत डोंगरातून बाहेर निघायला लागला. मी सांगितलं नव्हतं.

मग या जूनमध्ये तो म्हणाला, "आई, एकदा माझ्याबरोबर चल. नुसती घरी बसून काळजी करतेस." गेले. कल्याण, शहाड, मुरबाड, मग म्हशाच्या रस्त्याने देहरीच्या बाजूला. मृगाचे दोन चांगले पाऊस होऊन गेले होते. समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, त्यांच्यावर ढग टेकलेले. त्यामागच्या डोंगरात भीमाशंकरचं अभयारण्य आहे, १९८५ साली शेकरूसाठी राखलेलं. तिथे तो गाडी नेत नाही. ठाण्याच्या येऊरच्या जंगलातही नाही, ते राष्ट्रीय उद्यान. फक्त गावागावांमधल्या बैलगाडीच्या वाटा.

खरं सांगते, मला मजा आली. चढावर तो फूटरेस्टवर उभा राहायचा, गाडी खालून दगडांवर नाचायची आणि अंगाला फारसा धक्का लागायचा नाही. वाऱ्याला ओल्या मातीचा वास होता. मी मोठ्याने हसले, आणि तो आरशात बघत होता.

पुढे वाट अरुंद झाली म्हणून मी उतरले. खाली बघितलं तर वाटेवर मृगाचे किडे. लाल मखमलीचे थेंब सांडावेत तसे. मी चार हात जमीन बघत, पाय टाकायला जागा शोधत चालले. आपले मुनिमहाराज असेच चालतात, तीच ईर्यासमिती. चार हात म्हणजे सहा फूट. गाडी ताशी २० किलोमीटरने, म्हणजे अगदी हळू चालवली, तरी सेकंदाला साडेपाच मीटर जाते. एका सेकंदात चार हातांची वाट तीनदा मागे पडते. कितीही चांगली नजर असली तरी काय दिसणार?

एवढ्यात पुढून ओरडण्याचा आवाज आला. चिखलात त्याचं मागचं चाक सरकून भाताच्या खाचराच्या बांधावर गेलं होतं. बांध फुटला होता आणि आतलं पाणी खालच्या ओढ्याकडे चाललं होतं. खाचरात हिरवीगार रोपं होती. शेतातली बाई कंबरेवर हात ठेवून उभी. ती शिव्या देईल असं मला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "गाडी जाते तुमची पुढं, पाणी जातं माझं."

आम्ही दोघांनी चपला-बूट काढले आणि तिच्याबरोबर बांध घातला. माती कशी ओढायची, पायाने कशी दाबायची, ते तिने दाखवलं. अर्धा तास लागला. मुलाने पैसे पुढे केले, तिने घेतले नाहीत. म्हणाली, "पावसात नका येऊ इकडं. भात कापल्यावर या, मग सगळी वाटच आहे."

बांध घालताना माझ्या हातात गांडुळं येत होती. मातीत हात घातला की जीव दुखावणारच, आणि तिचे हात तर रोजच त्या मातीत. परत येताना तेच डोक्यात होतं. शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. त्या बाईची उद्योगी. तिच्या भातावर माझा कुकर चालतो, म्हणजे तिच्यात माझाही वाटा आहे. पण आमच्या त्या सकाळीला काय म्हणायचं? मारायचा हेतू नव्हता, घरकाम नव्हतं, पोटापाण्याचा धंदा नव्हता, रक्षणही नव्हतं. घरी येऊन रत्नकरंड श्रावकाचार काढला. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत प्रमादचर्या आहे. माती, पाणी, अग्नी, वारा यांना उगाच छेडणं आणि झाडं उगाच तोडणं त्यात येतं, हे मला आठवत होतं. समंतभद्र आचार्यांनी विनाकारण फिरणं आणि दुसऱ्याला फिरवणं हेही त्यातच धरलं आहे, हे मात्र इतक्या वेळा वाचूनही कधी थांबून बघितलं नव्हतं.

मी मुलाला ते वाचून दाखवलं. वाटलं होतं, चिडेल. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे गाडी विकू?"

मला उत्तर देता आलं नाही. खोटं कशाला बोलू, मीच त्या गाडीवर हसले होते. मी म्हटलं, "महाराजसुद्धा चालणं सोडत नाहीत. पावसाळ्यात थांबतात." आषाढ शुद्ध चतुर्दशीला वर्षायोगाची स्थापना होते आणि दिवाळीला तो पुरा होतो. ओल्या जमिनीवर जिवांची दाटी असते, म्हणून हे थांबणं.

तो म्हणाला, "पण आई, किडे तर मृगातच आले होते. चतुर्दशी त्यानंतर. मग मी पहिल्या पावसालाच थांबतो, आणि भात कापून होईपर्यंत गाडी डांबर सोडणार नाही." माझ्यापेक्षा त्याचा नियम कडक निघाला.

मग मलाही काहीतरी घ्यावं लागलं. स्कूटर काढून उगाच स्टेशनकडे साड्या बघायला जाणं, रिकाम्या हाताने परत येणं, हे माझं फिरणंच की. दिवाळीपर्यंत कामाशिवाय स्कूटर काढायची नाही, असा नियम घेतला आहे. आतापर्यंत दोनदा मोडला. प्रतिक्रमणात दोन्ही वेळा कबूल केलं.

सध्या गाडी ऑफिसला जाते आणि परत येते, बस्स. रविवारी मात्र पार्किंगमध्ये आम्ही दोघं पाने घेऊन बसलेलो असतो. परवा पुढचं चाक काढून त्याने बेअरिंगला ग्रीस दिलं. मी सगळे स्पोक वाजवून बघितले. दोन बद्द वाजले, ते माझ्या हाताने आवळले.

भात कापून झाल्यावर आम्ही त्या मावशींच्या शेताकडे जाणार आहोत. बांध टिकला का, ते बघायचं आहे.

जाणता-अजाणता माझ्याकडून कुणाचं मन दुखावलं असेल तर मनापासून क्षमा मागते. उत्तम क्षमा. जय जिनेंद्र!