तीस सेकंदांचा दम

बंगळुरूला पोस्टिंग आली तेव्हा क्वार्टरची वेटिंग लांबलचक होती, म्हणून बनशंकरी सेकंड स्टेजला भाड्याने घर घेतलं. आमच्या इमारतीच्या सिक्युरिटीचे सुपरवायझर निवृत्त नायब सुभेदार निघाले, गाव खानापूर तालुक्यात. पहिल्या दिवशी माझ्या गाडीवरचा स्टिकर बघून त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला आणि लगेच बेळगावी मराठीत विचारलं, "सर, गाव कुठलं म्हणायचं?" मी त्यांना साहेब म्हणतो. जेसीओ निवृत्त झाला तरी साहेबच असतो.

साहेब तरुणपणी पलटणीच्या कबड्डी संघात उजवा कोपरा सांभाळायचे. माझी लेक सातवीत आहे आणि शाळेच्या संघात चढाई करते. त्यामुळे संध्याकाळी पार्किंगमध्ये या दोघांचं कबड्डीवरून भांडण ठरलेलं. भांडणाचा मुद्दा एकच, दम.

लेक चढाईला जाते तेव्हा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटते. "कबड्डी कबड्डी" असं खणखणीत काही ऐकू येत नाही. साहेबांना हे अजिबात चालत नाही. "पोरी, आवाज कुठाय? दम मोडला की नाही ते पंचाला कळायचं कसं?" तिचं उत्तर तयार असतं. "आजोबा, तीस सेकंद असतात. घड्याळ बघायचं."

तिचं चूक आहे असंही नाही. तिने कबड्डी पहिल्यांदा पाहिली ती टीव्हीवर. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली, मातीतला खेळ मॅटवर, दिव्यांच्या झोतात आला. चढाई तीस सेकंदांची, आकडे पडद्यावर उलटे पळतात. दमाचा नियम पुस्तकात अजून आहे, चढाईपटूने एका श्वासात सतत "कबड्डी" म्हणायचंच असतं. पण हजारो माणसांच्या गोंगाटात तो आवाज घरी बसलेल्याला ऐकू येत नाही. घड्याळ मात्र सगळ्यांना दिसतं.

मी या बदलांच्या विरोधात नाही, आणि यावरून साहेबांचं नि माझं जुंपतं. जुन्या कबड्डीतला एक प्रकार मला लहानपणापासून डोक्यात जायचा. चार गुणांची आघाडी झाली की संघ वेळ काढायला लागायचा. चढाईपटू यायचा, निदान रेषा ओलांडायचा, हवेत हात फिरवायचा आणि परत. पुन्हा तेच. प्रेक्षक उठून चहाला जायचे. तिसऱ्या चढाईच्या नियमाने हे बंद झालं. लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर चढाईपटू बाद. आघाडी घेऊन दडून बसायची सोय उरली नाही.

अव्वल पकडीचा नियम तर मला फारच आवडतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना पकड केली तर एक गुण जास्त. पूर्वी तीन गडी उरले म्हणजे लोण आता पडतोच असं धरून चालायचे. आता तिघांसमोर जाताना भल्या भल्या चढाईपटूला दोनदा विचार करावा लागतो. कमी माणसांनी ठाणं धरून ठेवण्यात काय असतं ते आम्हाला वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत स्थायिक झालेला माझा एनडीएतला कोर्समेट सांगत होता की तिथेही बेसबॉलवाल्यांनी २०२३ पासून चेंडू टाकणाऱ्याच्या मागे घड्याळ लावलं. बेसवर कोणी नसेल तर पंधरा सेकंद, असेल तर त्या वर्षी वीस होते. सामने सरासरी चोवीसेक मिनिटांनी आटोपशीर झाले. जुनेजाणते आधी कुरकुरले, मग वेळेत घरी पोचायला लागले म्हणून गप्प बसले. त्या खेळात पूर्वी घड्याळच नव्हतं. कबड्डीत चढाईला होतं, फक्त ते चढाईपटूच्या छातीत होतं. माझा सगळा घोळ इथे होतो.

लेफ्टनंट-कॅप्टन असतानाची गोष्ट. दहा हजार फुटांवरच्या एका ठिकाणी आमची पलटण होती. कंपन्यांमधली कबड्डी स्पर्धा, अंतिम सामना, आणि पंच मी. त्या उंचीवर दम निम्म्यावर येतो. कोल्हापूरकडची पोरं, तालमीत घुमलेली, पण सुरुवातीला चार पावलांत धापा टाकायची. मग शिकली. कमी पावलं, आवाज बारीक आणि लांबट, आत जाताना अर्धा दम परतीसाठी राखून. कोणी शिकवलं नव्हतं, हवेनेच शिकवलं.

शेवटचं मिनिट, एका गुणाचा फरक. माझ्याच कंपनीचा एक शिपाई चढाईला गेला. दोघांना शिवला, तिसऱ्याने घोटा धरला, चौथा अंगावर पडला. त्या ढिगातून त्याचा हात मध्यरेषेला लागला. कंपनी नाचायला लागली. मी शिट्टी मारली. दम मोडला, गडी बाद. रेषा गाठण्याच्या क्षणभर आधी मला तो श्वास तुटलेला ऐकू आला होता.

सामना गेला. तो पोरगा एक शब्द बोलला नाही. रात्री लंगरमध्ये मला बघून उठून उभा राहिला, तोंडात घास तसाच.

हे मी साहेबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वारं होतं काय हो सर त्या दिवशी?" त्या ठिकाणी वारा दुपारी रोजच असतो. मी तसं सांगितलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मला अजूनही वाटतं की मी ऐकलं होतं. घड्याळ असतं तर ऐकायची वेळच आली नसती. तीस सेकंद झाले किंवा नाही झाले, इतकंच.

अर्थात नियम लिहून ठेवले, यंत्रं लावली म्हणून वाद मिटतात असंही नाही. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ आशियाई स्पर्धा, भारत-इराण अंतिम सामना. आम्ही तिघांनी तो आमच्या हॉलमध्ये बसून पाहिला. २८-२८, सामना संपत आलेला, भारताची तिसरी चढाई, चढाईपटू कर्णधार पवन सेहरावत. हाच पवन २०१९ च्या जानेवारीत बेंगळुरू बुल्सला प्रो कबड्डीचा किताब देऊन गेला होता, अंतिम सामन्यात एकट्याचे बावीस गुण. लेक टीव्हीला नाक लावून बसली होती. पवन कोणाला न शिवताच राखीव क्षेत्रात गेला, त्याच्या मागे इराणचे बचावपटूही गेले. आता बाद कोण? जुना नियम म्हणतो, स्पर्श झाल्याशिवाय तिथे गेलेले सगळेच बाद. प्रो कबड्डीतला नवा नियम म्हणतो, फक्त चढाईपटू बाद. गंमत बघा, आपण जुनं पुस्तक पुढे करत होतो आणि इराणी आपल्याच लीगचं नवं. खेळ जवळपास तासभर थांबला. खेळाडू मैदानात बसून राहिले. शेवटी भारताला तीन गुण, इराणला एक, आणि सामना आपण ३३-२९ जिंकलो.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मीही फारशा नाही. (२०१८ ला हैदराबादच्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राने सेनादलाला अंतिम फेरीत हरवलं तेव्हाही माझे हात असेच अडकले होते, पण ती अडचण वेगळी.) प्रेक्षकांसाठी नियम बदला, माझी हरकत नाही. मात्र सगळ्यांच्या हातात एकच पुस्तक हवं. सुवर्णपदकाचा सामना चालू असताना कुठलं पुस्तक लागू ते शोधायचं, याला काय म्हणावं? सरावात एक आदेश आणि मोहिमेवर दुसरा दिला तर जवान माझं ऐकतील का?

लेकीचा मुद्दा तेवढा राहिला. गेल्या रविवारी पार्किंगमध्ये खडूने रेषा आखल्या. मध्यरेषेपाशी साहेब कान देऊन उभे, मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून. इमारतीतली चार मुलं बचावाला. लेक या वेळी मोठ्याने "कबड्डी कबड्डी" म्हणत गेली, एकाला शिवली, वळली, आणि मध्यरेषेच्या हातभर अलीकडे आवाज तुटला. साहेबांनी हात वर केला. "बाद."

"बाबा, किती झाले?" तिने ओरडून विचारलं.

बावीस सेकंद झाले होते. मी आकडा सांगितला.

"मग अजून आठ आहेत!"

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, पुन्हा एकदा खेळा.