जुनी चिठ्ठी, नवा ताप

दिवाळीच्या तोंडावर जिंतूरकडचे एक काका परभणीला माझ्याकडे आले. चार दिवसांचा ताप, हिरड्यांतून रक्त. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, २०२१ला कोरोनात रक्त पातळ करायची गोळी दिली होती. त्याच चिठ्ठीवर दोन दिवस आणून घेतोय." रक्त तपासलं, डेंग्यू निघाला.

त्यांचं काय चुकलं? कोरोनात रक्ताच्या गुठळ्या होतात हे खरंच आहे. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि पायात, फुफ्फुसात गुठळी अडकू शकते. पण डेंग्यूत काळजी रक्तस्रावाची. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट एरवी दीड ते साडेचार लाख असतात, त्या झपाट्याने कमी होतात. शिवाय रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं. अशा वेळी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलं तर रक्तस्राव वाढू शकतो.

म्हणून डेंग्यूची शंका असेल तर तापाला पॅरासिटामॉलच घ्या, तेही सांगितलेल्या मात्रेतच, आणि पाणी पीत राहा. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन चालू असेल तर मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. खरा धोका तेव्हाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी असतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, काळी शौच, कमी लघवी, गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.

काका बरे होऊन घरी गेले. जुनी चिठ्ठी जरूर जपा, पण डॉक्टरांना दाखवायला. मेडिकलवर न्यायला नको.