गच्ची कुणाची?

मंडळी, सध्या आमच्या अपार्टमेंटमध्ये एकच विषय चालू आहे.. गच्चीची गळती! परभणीचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. दिवसभर स्लॅब तापतो, रात्री आकसतो, कोब्याला भेगा पडतात आणि मृगाची पहिली सर आली की वरच्या मजल्यावर बादल्या मांडायची वेळ येते.

यावर बैठकीत नियम झाला: ज्याच्या घरात गळतं, त्याने आपल्या फ्लॅटपुरतं वॉटरप्रूफिंग स्वतःच्या खर्चाने करावं. ऐकायला बरं वाटतं. पण पाण्याला फ्लॅटची हद्द कुठे कळते? ते शिरतं टाकीपाशी, कोब्याखालून सरकतं आणि टपकतं आमच्या देवघरात. चांगल्या मिस्त्रीला आख्खी गच्ची लागते. जुना कोबा काढायचा, विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा पाइपाकडे उतार देऊन घालायचा, कठड्याच्या कडेने वाटा मारायचा, मग पाणी भरून तपासायचं. एकाच फ्लॅटवर थर चढवला तर तिथे उंचवटा होतो आणि पाणी शेजाऱ्याच्या डोक्यावर तुंबतं!

"मग जुन्यावरच नवा थर टाका, स्वस्तात पडेल," असंही कुणी म्हणालं. मला आपल्याकडची माळवदं आठवली. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर माती टाकायची, वर्षानुवर्षं थर चढत जायचे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात दगडी भिंती आणि तसल्याच जड छतांखाली हजारो माणसं गेली. छतावरचं ओझं ही गंमत नव्हे.

बरं, कायदा काय म्हणतो? १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्यात छप्पर सामाईक मालमत्तेत येतं. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत तर गच्चीच्या गळतीने वरच्या मजल्याचं प्लास्टर खराब झालं, तरी दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने, असं आहे.

तळमजल्यावरचे काका म्हणतात, "आमच्याकडे गळत नाही." खरंय. पण स्लॅबमधल्या सळया गंजल्या तर बिल्डिंग त्यांचीही आहेच की!

असो. खर्च सगळ्यांत वाटून काम एकदाच करा, असा लेखी अर्ज मी दिलाय. तेव्हापासून काका जिन्यात भेटले तरी बोलत नाहीत. वाईट वाटतं, कारण माणूस चांगला आहे. पण अर्ज मागे घेणार नाही. पुढची बैठक रविवारी आहे. बघू..