खाऱ्या पाण्याची वाट

समुद्रात जाणाऱ्या बोटीच्या तळाला मुद्दाम एक भोक पाडलेले असते, ही गोष्ट मी कोळीवाड्यातील धर्मग्रामात येईपर्यंत मला ठाऊक नव्हती. माझा जन्म वसईच्या बागायतीतला. विहिरीचे पाणी पाटातून केळीच्या आळ्यापर्यंत कसे न्यावे, पाट कुठे फुटतो आणि तो वेळीच कसा लिंपावा, हे मी लहानपणी पाहिले होते. पुढे सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो. बोटीविषयीचे माझे ज्ञान मात्र एका वाक्याचे होते : पाणी बाहेर राहिले तर बोट तरते, आत आले तर बुडते. इंजिनाच्या बोटीला समुद्र थोडासा आत घ्यावाच लागतो, हे मला इथल्या तांडेलांनी शिकवले.

कारण साधे आहे. डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा साधारण तिसरा हिस्साच बोट पुढे ढकलण्याच्या कामी येतो. उरलेल्या उष्णतेचा काही भाग धुराबरोबर जातो, बाकीचा पाण्याने वाहून न्यावा लागतो. म्हणून तळाच्या भोकावर बसवलेल्या व्हॉल्व्हमधून समुद्राचे पाणी आत येते. ते प्रथम गाळणीतून जाते, मग पंप ते पुढे ढकलतो. हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांतून फिरताना ते इंजिनातील गोड्या पाण्याची उष्णता आपल्याकडे घेते आणि शेवटी बाहेर पडते. खारे पाणी थेट इंजिनात फिरून फार तापले, तर क्षारांचा थर धरतो. म्हणून अशा इंजिनांत गोडे आणि खारे पाणी वेगवेगळे ठेवतात. दोहोंमध्ये फक्त नळ्यांची पातळ भिंत असते.

या साऱ्या वाटेवरचा सर्वात नाजूक अवयव म्हणजे पंपातील इम्पेलर, रबरी पंखांचे एक लहानसे चक्र. त्याला ओलावा देते तेही समुद्राचेच पाणी. पाणी न मिळता पंप थोडा वेळ जरी फिरला, तरी ते पंख तापतात, फाटतात. म्हणून जाणता तांडेल इंजिन सुरू केल्याबरोबर वाकून बाहेर पाहतो. नेहमीसारखी धार पडते आहे की नाही, याची खात्री झाल्यावरच तो दोर सोडायला सांगतो. धार बारीक झाली, वाफ दिसू लागली, तर आत काहीतरी अडले आहे हे त्याला कळते.

धर्मग्रामातील एका वयस्क मेकॅनिकने मला एक सूत्र सांगितले : “फादर, इम्पेलर बदलणे सोपे, तुटलेले पंख मोजणे महत्त्वाचे.” चक्राचे दोन पंख तुटले असतील, तर ते दोन्ही तुकडे हाती लागले पाहिजेत. नाहीतर ते पाण्याबरोबर पुढे जाऊन एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतात. पंप नवा, तरी इंजिन पुन्हा तापते, आणि तेही किनाऱ्यापासून दूर, रात्रीच्या वेळी.

गाळणीत काय सापडते, हेही एकदा पाहण्यासारखे असते. शेवाळ, शिंपल्यांचे तुकडे, कधी जेलीफिश, आणि आता सर्रास प्लॅस्टिक. तळाच्या भोकाला बाहेरून एखादी पिशवी चिकटली, की पाणी थांबायला तेवढे पुरते. आपल्या लग्नातील, सणातील पिशव्या खाडीतून समुद्रात जातात आणि शेजाऱ्याच्याच बोटीचा श्वास कोंडतात, हे आपण बागायतीतल्या माणसांनीही लक्षात घ्यावे.

पाणी आले नाही तर इंजिन जाते. पाणी भलत्या वाटेने आले तर माणसे जातात. दीड इंची नळी पाण्याखाली दोन फुटांवर निसटली, तर मिनिटाला शंभर लिटरहून अधिक पाणी आत येते. तासाभरात ते सहा टनांच्या वर जाते, आणि आवाज इंजिनाच्या घरघरीत बुडून जातो. म्हणून पाण्याखालच्या नळीला प्रत्येक टोकाशी दोन क्लॅम्प असावेत. व्हॉल्व्ह अधूनमधून उघडझाप करावा. वर्षभर न हललेला व्हॉल्व्ह संकटसमयी हलत नाही. त्याच्याशेजारी भोकाच्या मापाची निमुळती लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवावी. एक्स्चेंजरमधील जस्ताचा तुकडा मोलाच्या धातूंऐवजी स्वतः झिजतो; तो निम्मा संपला की बदलावा. साध्या पितळेच्या जोडांवर गुलाबी झाक आली, तर त्यातील जस्त निघून गेले आहे आणि जोड ठिसूळ झाला आहे असे समजावे.

ही कामे करायला १ जून ते ३१ जुलै हा मासेमारीबंदीचा काळ मिळतो. परंतु त्याच दिवसांत घरात मिळकत नसते. शाळेची फी, जाळ्यांची डागडुजी, कर्जाचा हप्ता, या सर्वांपुढे रबराचे एक चक्र मागे पडते. “अजून एक हंगाम निघेल,” असे म्हटले जाते. हे बेफिकिरीचे बोल नव्हेत. त्यामागची ओढाताण मी घरोघरी पाहतो. तरीही एक जादा इम्पेलर आणि चार क्लॅम्प यांचा खर्च पहिल्याच यादीत असावा, एवढे मी मालकांना सांगत असतो.

आणखी एक गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. आज पुष्कळ बोटींवर खलाशी दूरच्या गावांतून, परप्रांतांतून येतात. कित्येकांनी समुद्र प्रथमच पाहिलेला असतो. ते बोटीवरच राबतात, बोटीवरच झोपतात. परंतु इंजिनाखालचा तो व्हॉल्व्ह कुठे आहे, हे बहुधा तांडेल आणि इंजिन सांभाळणारा, या दोघांनाच ठाऊक असते. ते दोघे जाळ्यावर गुंतले असताना नळी निसटली, तर ज्याला पाणी प्रथम दिसेल त्याच्या हाती काहीच नसते.

हंगामाच्या तोंडावर मी बोटींना आशीर्वाद द्यायला बंदरावर जातो. पवित्र पाणी नाळेवर शिंपडले जाते, फुले वाहिली जातात. गेली काही वर्षे प्रार्थनेपूर्वी मी एक विनंती करतो : बोटीवरील सर्वांत नव्या खलाशाला खाली नेऊन व्हॉल्व्ह दाखवावा, त्याच्याकडून तो एकदा बंद करवून पुन्हा उघडवून घ्यावा, आणि खुंटी कुठे बांधली आहे ती अंधारात चाचपून शोधायला लावावी. याला पाच मिनिटे पुरतात. तोवर आम्ही सारे धक्क्यावर थांबतो.